युद्धाची पावती

आर्तुरो पेरेस-रेव्हेर्ते या स्पॅनिश कादंबरीकाराची ओळख त्याच्या पुस्तकांवर जवळपास ठरलेल्या शब्दांत छापलेली असते. जन्म कार्ताहेना, नोव्हेंबर १९५१. १९७३ ते १९९४ अशी एकवीस वर्षं युद्धवार्ताहर. त्यांतली बारा 'पुएब्लो' या दैनिकात, नऊ स्पेनच्या सरकारी टेलिव्हिजनच्या वृत्तविभागात. त्यानंतर पूर्णवेळ लेखक. एवढ्या मजकुरावरून वाचक मनातल्या मनात एक गोष्ट रचतो: हा माणूस युद्धं बघून बघून विटला, एके दिवशी मायक्रोफोन खाली ठेवला आणि टेबलाशी बसून कादंबऱ्या लिहू लागला. गोष्ट छान आहे. मुलाखती घेणाऱ्यांनाही ती आवडते, कारण तिला एक मधोमध दुमड आहे. अलीकडे युद्ध, पलीकडे साहित्य.

कागद शेजारीशेजारी मांडले की ही दुमड दिसेनाशी होते.

आपल्याकडे हा धडा इतिहाससंशोधक राजवाड्यांनी घालून दिलेला आहे. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला, त्यात पानिपतच्या काळातली पत्रं होती. बखरीतली रंगतदार हकिकत त्या पत्रांतल्या मुक्कामांवर आणि तिथींवर घासून पाहायची सवय त्या खंडाने लावली. हयात असलेल्या, स्वतःबद्दल भरपूर बोललेल्या लेखकाच्या बाबतीत ही सवय जास्तच उपयोगी पडते. तो काय सांगतो हे जरा बाजूला ठेवायचं आणि आधी तारखा लावायच्या.

तर तारखा. पहिली कादंबरी 'एल उसार' १९८६ची. नेपोलियनच्या फौजेतला फ्रेडरिक ग्लुन्ट्झ नावाचा तरुण घोडेस्वार १८०८ साली आंदालुसियात पहिल्या लढाईला निघतो, ही तिची कथा. दुसरी, तलवारबाजीच्या वस्तादावरची, १९८८ची. तिसरी 'ला ताब्ला दे फ्लांदेस', १९९०. चौथी 'एल क्लुब दुमा', १९९३. रोमन पोलान्स्कीने १९९९ साली काढलेला 'द नाइन्थ गेट' हा चित्रपट हिच्यावरून केलेला, त्यामुळे लेखकाचं नाव न ऐकलेल्यांनाही ही गोष्ट ठाऊक असते. त्याच १९९३च्या उन्हाळ्यात 'एल पाईस' या दैनिकात त्याची एक विनोदी लघुकादंबरी क्रमशः आली. रशियावरच्या स्वारीत नेपोलियनच्या सैन्यात अडकलेली एक स्पॅनिश पलटण शत्रूला फितूर व्हायला पुढे सरसावते आणि लांबून पाहणाऱ्या बादशहाला तो पराक्रम वाटतो, असा तिचा मासला.

आता दुसरी यादी. १९८९-९० रुमानियातली क्रांती. १९९० मोझांबिक. १९९०-९१ आखाती युद्ध. १९९१ क्रोएशिया. १९९२, ९३, ९४ बॉस्निया. या सगळ्या ठिकाणांहून हाच माणूस टेलिव्हिजनच्या बातम्यांत बोलत होता. शिवाय पाच वर्षं सरकारी रेडिओवर 'ला लेय दे ला काये', म्हणजे 'रस्त्याचा कायदा', नावाचा त्याचा कार्यक्रम चालू होता. चोर, वेश्या, गर्दुल्ले, तुरुंगातून सुटलेले अशा लोकांचा तो कार्यक्रम. त्याला १९९३चा ओन्दास पुरस्कार मिळाला. १९९१पासून एका साप्ताहिक पुरवणीत सदरही सुरू झालं.

दोन याद्या एकमेकींवर ठेवल्या की दिसतं ते असं: नोकरी सोडली त्याच्या आदल्या वर्षापर्यंतच त्याच्या नावावर चार कादंबऱ्या आणि एक लघुकादंबरी होती, आणि त्यांतल्या एकीवर, वस्तादाच्या गोष्टीवर, १९९२ साली चित्रपटही निघून गेला होता. युद्धवार्ताहर 'नंतर' कादंबरीकार झाला हे विधान तारखांपुढे टिकत नाही. दोन्ही धंदे एकाच छताखाली किमान आठ वर्षं चालले होते. म्हणजे विचारायला हवं ते असं की एकाच माणसाला एकाच वेळी दोन्ही का लागत होते?

त्यासाठी थोडं मागे जायला हवं, पण फार नाही. 'पुएब्लो' हे फ्रँकोच्या राजवटीतल्या सरकारी कामगार संघटनेचं दैनिक. राजवटीचं पत्र, तरीही धाडसी बातमीदारांसाठी नावाजलेलं. बाविशीतला पेरेस-रेव्हेर्ते तिथे शिकला. १९७४मध्ये तुर्की सैन्य सायप्रसमध्ये उतरलं, तिथे तो होता. पुढच्याच वर्षी सहारा. त्या सहाराबद्दल एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी: ते परक्याचं युद्ध नव्हतं. पश्चिम सहारा तेव्हा स्पेनच्याच ताब्यात होता. नोव्हेंबर १९७५च्या पहिल्या आठवड्यात मोरोक्कोने निःशस्त्र माणसांचा प्रचंड जमाव सीमेवर लोटला, १४ नोव्हेंबरला माद्रिदमध्ये करार होऊन स्पेनने तो प्रदेश सोडायचं कबूल केलं, आणि २० तारखेला फ्रँको मेला. तेवीस-चोवीस वर्षांच्या बातमीदाराने आपल्याच देशाचं शेवटचं वसाहती सैन्य गाशा गुंडाळताना पाहिलं. त्याच्या कादंबऱ्यांत हरलेल्या, विसरलेल्या, पगार थकलेल्या स्पॅनिश शिपायांची जी रीघ आहे तिचा उगम शोधायचा तर मी तो या पंधरा दिवसांत शोधेन. हा माझा तर्क आहे, कागदावर लिहिलेलं नाही.

मग लेबनॉन, मग १९७७मध्ये इरिट्रिया, जिथे तो काही काळ बेपत्ताच होता. फॉकलंड, एल साल्वादोर, निकाराग्वा, चाड. 'पुएब्लो' १९८४ साली बंद पडलं. उरलेली नऊ वर्षं टेलिव्हिजन.

वर्तमानपत्रातून टेलिव्हिजनमध्ये येणं म्हणजे नुसतं माध्यम बदलणं नसतं. वर्तमानपत्राचा बातमीदार एकटा जातो, कानाने ऐकलेलंही लिहू शकतो, रात्री हॉटेलात बसून दिवसाची जुळवाजुळव करू शकतो. टेलिव्हिजनचा वार्ताहर कॅमेऱ्याला जखडलेला. चित्र नसेल तर बातमी नाही. आणि चित्र मिळवायचं तर जिथे ते घडतंय तिथे कॅमेरा खांद्यावर घेतलेला माणूस उभा असायला हवा. तिथून शंभर मीटर मागे उभं राहून चालत नाही. चित्र मिळालं तरी काम संपत नाही. ती टेप वेढ्यातून, तपासणीनाक्यांवरून, उपग्रहाची सोय असेल तिथवर पोचवायची. सारायेव्होला ही सोय टेलिव्हिजन केंद्राच्या इमारतीत होती, युरोपीय प्रसारण संघटनेच्या तळावर. वार्ताहर राहायचे हॉलिडे इनमध्ये. आणि या दोन इमारतींमधला रस्ता बंदूकधाऱ्यांच्या नेमाखाली. १४२५ दिवस चाललेल्या त्या वेढ्यात हा फेरा मारणं हा नोकरीचा भाग होता. इतकं करून दुपारच्या बातम्यांत वाट्याला यायचं मिनिट-दीड मिनिट. त्या दीड मिनिटात मेलेल्यांचा आकडा बसतो, जळणारी इमारत बसते. माणूस का मारतो आणि मारून झाल्यावर जेवायला कसा बसतो, हे बसत नाही.

या टेलिव्हिजनच्या काळाचं मुख्य साधन एक छोटं पुस्तक आहे: 'तेरितोरिओ कोमांचे', १९९४. त्याला कादंबरी म्हणतात, पण नाव बदललंय फक्त लेखकाचं. पुस्तकात त्याचा अवतार बार्लेस. कॅमेरामन मात्र खऱ्या नावानिशी आहे: होसे लुईस मार्केस, जो प्रत्यक्षातही त्याच्यासोबत कॅमेरा घेऊन फिरत होता. आजूबाजूचे पत्रकारही बहुतेक खरे. जागा मोस्तारच्या उत्तरेकडचं बियेलो पोल्ये, काळ १९९३. क्रोएट सैनिक माघार घेताहेत, पुलाला सुरुंग लावलेला आहे, आणि मार्केसला तो पूल उडतानाचा नेमका क्षण हवा आहे. बस. दोघे खंदकासारख्या एका आडोशाला बसून वाट पाहतात. वाट पाहता पाहता बार्लेसच्या डोक्यात वीस वर्षांची युद्धं येऊन जातात. शीर्षकातला 'कोमांचे मुलूख' म्हणजे रस्त्यावर एकही माणूस दिसत नाही, बुटाखाली काच कचकचते आणि आतून कुणीतरी मागे फिर म्हणतं, ती जागा.

ही बखर झाली. प्रत्यक्षदर्शीची, घटनेनंतर वर्षाच्या आत लिहिलेली, पण बखरच. मग इतिहासासाठी ती कितपत धरायची? इथे कोर्टातला एक जुना नियम कामी येतो: माणूस स्वतःच्या फायद्याचं बोलतो ते सावधपणे घ्यावं, स्वतःच्या अंगावर शेकेल असं बोलतो ते जास्त विश्वासाने घ्यावं. या पुस्तकातला अंगावर शेकणारा भाग पराक्रमाचा नाही. पावत्यांचा आहे.

युद्धात पैसा पाण्यासारखा जातो. नाक्यावरच्या शिपायाला द्यावे लागतात, काळ्या बाजारात पेट्रोल घ्यावं लागतं, दुभाषा लागतो, गाडी लागते आणि ती गोळ्या खाऊन बंद पडली की दुसरी लागते. यांतलं कुणीही पावती देत नाही. माद्रिदच्या हिशेब खात्याला मात्र प्रत्येक खर्चाला पावती हवी असते, शक्यतो शिक्क्यासह. तेव्हा वार्ताहर पावत्या तयार करतात. ज्या हॉटेलचा कागद मिळेल त्यावर, ज्या रकमा खरोखर खर्च झाल्या पण सांगता येत नाहीत, त्या सांगता येतील अशा नावाखाली मांडतात. आपल्याकडे सरकारी दौऱ्यावर गेलेल्या कुठल्याही प्रामाणिक माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. खर्च खरा, कागद खोटा. पुस्तकात हे सगळं लपवाछपवी न करता येतं, आणि वरिष्ठांबद्दलचे शेलके उद्गारही.

पुस्तक निघालं, संस्थेत चौकशीची भाषा सुरू झाली, आणि एप्रिल १९९४मध्ये पेरेस-रेव्हेर्तेने राजीनामा दिला. राजीनाम्याचं पत्र विनयासाठी प्रसिद्ध नाही.

म्हणजे पाहा. एकवीस वर्षांची युद्धवार्ताहरी संपली ती सायप्रसच्या, इरिट्रियाच्या किंवा सारायेव्होच्या गोळीने नाही. एका कादंबरीने संपली, आणि त्या कादंबरीतल्या वादाचं मूळ होतं कागदाचं खरेखोटेपण. मलपृष्ठावरच्या चार ओळींत हा तपशील मावत नाही, पण माझ्या मते सगळ्या कारकिर्दीची किल्ली इथे आहे.

कारण आता त्याच्या आधीच्या कादंबऱ्या पुन्हा उघडून बघा. युद्धावर थेट लिहिलेल्या 'एल उसार'चा अपवाद सोडला तर तिन्ही कागदांच्या गोष्टी आहेत. वस्ताद दोन हाइमे आस्तार्लोआ हा १८६८च्या माद्रिदमधला, राणी इसाबेल पदच्युत होण्याच्या ऐन तोंडावरचा माणूस. त्याला राजकारणातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही, पण एक सरदार त्याच्याकडे कागदांचं एक पाकीट ठेवायला देतो आणि त्या पाकिटापायी मुडदे पडू लागतात. 'ला ताब्ला दे फ्लांदेस'मध्ये जुनी चित्रं दुरुस्त करणारी एक बाई १४७१ सालच्या चित्राची क्ष-किरण तपासणी करते. चित्रात बुद्धिबळ चाललंय. रंगाच्या थराखाली तिला झाकलेला लॅटिन प्रश्न सापडतो: सरदाराला कुणी मारलं? चित्र आणि चित्रकार दोन्ही लेखकाने रचलेले, पण तपासणीची पद्धत खरीखुरी.

'एल क्लुब दुमा' तर पूर्णपणे याच धंद्यातली. लुकास कोर्सो हा दुर्मिळ पुस्तकांचा दलाल. त्याच्या हाती दोन कामं येतात. 'थ्री मस्केटियर्स'च्या एका प्रकरणाचं हस्तलिखित अस्सल आहे का ते पाहायचं. आणि १६६६ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या एका सैतानी ग्रंथाच्या जगात उरलेल्या तीन प्रती ताडून बघायच्या. कागदाची जात, शाई, बांधणी, छापाच्या खुणा, एका प्रतीतल्या चित्रात आणि दुसरीतल्या चित्रात असलेला बारीकसा फरक. वाचक पानांमागून पानं हेच वाचत राहतो आणि कंटाळत नाही. गोष्टीत दोन बांधणीकार भाऊ आहेत, ज्यांना कुठलंही हरवलेलं पान पुन्हा बनवता येतं, इतकं हुबेहूब की ग्रंथ अस्सल राहतो आणि पान मात्र बनावट. शेवटी सगळा डाव या बनावट पानावर कोसळतो. आणि गोष्ट सांगणाऱ्या पात्राचं नाव काय, तर बोरिस बाल्कन. १९९३ साली, बाल्कनमध्ये महिनोन् महिने काढणाऱ्या लेखकाने ते सहज सुचलं म्हणून ठेवलं असं मानायचं तर मानावं.

दिवसा जो माणूस डोळ्यांसमोरचं मरण दीड मिनिटात बसवत होता आणि त्याच्या खर्चाच्या पावत्या रचत होता, तो हॉटेलच्या खोलीत परतून, किंवा दोन युद्धांच्या मधल्या सुट्टीत, अशा जगाबद्दल लिहीत होता जिथे एका कागदाच्या खरेखोटेपणाचा शोध घ्यायला तीनशे-चारशे पानांची फुरसत मिळते. साहस दोन्हीकडे होतं. फुरसत एकीकडेच होती.

राजीनाम्यानंतर पहिली आली 'ला पिएल देल तांबोर', १९९५. तिची सुरुवातच पोपच्या संगणकात घुसलेल्या एका निनावी निरोपाने होते. म्हणजे पुन्हा एक कागद, या वेळी विजेचा. ती चालली, चांगली चालली. पण त्याचं नाव घरोघर पोचवलं ते १९९६च्या 'एल कापितान आलात्रिस्ते'ने.

त्या मालिकेच्या जन्माची हकिकत लेखकाने वारंवार सांगितली आहे: मुलीच्या शाळेच्या पुस्तकात स्पेनचं सतरावं शतक जेमतेम उरकलेलं पाहून तो चिडला. ही बखर झाली, पण तिला एक बाहेरचा पुरावा आहे. पहिल्या भागावर लेखक म्हणून दोन नावं छापलेली आहेत, आर्तुरो आणि कार्लोता पेरेस-रेव्हेर्ते. कार्लोता म्हणजे ती मुलगी. गोष्ट १६२३च्या आसपास सुरू होते, इंग्लंडचा युवराज चार्ल्स खोट्या नावाने माद्रिदला आला होता तेव्हा. तो तसा आला होता, हे अस्सल. दिएगो आलात्रिस्ते हा फ्लांडर्समधून परतलेला, भाड्याने तलवार चालवणारा शिपाई, हा काल्पनिक. राजा चौथा फिलिप. हे नाव मराठी वाचकाला परकं वाटेल, पण १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्याच राजाच्या डोक्यावर होता. त्यामुळे आलात्रिस्ते ज्याच्यासाठी उपाशीपोटी लढतो तोच राजा तेव्हा गोव्याचाही धनी होता.

या मालिकेत लेखकाने एक नवीन खोडी सुरू केली. भागांच्या शेवटी परिशिष्टं येऊ लागली. जुन्या कवींच्या निवडक कवितांचा एक 'दुर्मिळ' संग्रह, ज्यात आलात्रिस्तेवर लिहिलेली सुनीतं आहेत. तो संग्रह अस्तित्वात नाही. तिसऱ्या भागात, १९९८च्या 'एल सोल दे ब्रेदा'त, तर खोडीची कमाल झाली. ब्रेदाचा किल्ला १६२५च्या जूनमध्ये स्पिनोलाच्या फौजेला शरण गेला, आणि सुमारे दहा वर्षांनी वेलाझ्केझने त्या शरणागतीचं चित्र काढलं. प्रादो संग्रहालयातल्या भाल्यांच्या त्या रांगा बहुतेकांनी छापील का होईना पाहिल्या असतील. गोष्ट सांगणारा इन्यिगो बाल्बोआ ठामपणे म्हणतो की आपला कप्तान त्या चित्रात आहे. आणि पुस्तकाच्या शेवटी 'संपादकाची टीप' येते, जी अगदी संशोधकाच्या कोरड्या भाषेत, आलात्रिस्ते चित्रात नेमका कुठे असावा याची चर्चा करते. संपादक खोटा, टीप खोटी, माणूस खोटा. पण ब्रेदाचा वेढा, तिथला चिखल, न मिळालेला पगार आणि त्यावरून होणारी बंडं हे सगळं खरं. हिशेब खात्याला पाठवलेल्या पावत्यांचीच ही कलमी आवृत्ती. खर्च खरा, कागद खोटा. फरक एवढाच की इथे वाचकाला डोळा मारून सांगितलेलं आहे.

आता विद्वत्तेची बाजू. २३ जानेवारी २००३ला त्याची स्पॅनिश भाषेच्या शाही अकादमीवर निवड झाली. आसन 'टी', जे आधी मानुएल आल्वार या भाषाशास्त्रज्ञाचं होतं. १२ जूनला प्रवेशभाषण झालं आणि ग्रेगोरिओ साल्व्हादोर यांनी त्याला उत्तर दिलं. अशा भाषणात नवागताने एखादा गंभीर विषय घ्यावा अशी रीत. याने विषय घेतला सतराव्या शतकातल्या एका गुंडाच्या बोलीचा. तलवार, तुरुंग, जुगार, फाशी यांना त्या काळच्या अंधाऱ्या गल्ल्यांत कोणते शब्द होते, ते जुन्या लावण्यांसारख्या गुंडगीतांतून, नाटकांतून आणि शब्दकोशांतून गोळा करून त्याने एका भाडोत्री मारेकऱ्याची दिनचर्या उभी केली. भाषण छापलेलं आहे, आणि ते वाचताना मला 'रस्त्याचा कायदा' आठवतो. रेडिओवर ज्या लोकांना त्याने बोलायला बसवलं होतं, त्यांच्या पूर्वजांना त्याने अकादमीत नेऊन बसवलं. इथे मात्र एकही शब्द बनावट नाही.

टेलिव्हिजनचं युद्ध यात कुठे गेलं? बारा वर्षं ते जवळजवळ कुठेच नव्हतं. २००६ साली ते परत आलं, 'एल पिन्तोर दे बाताय्यास' या कादंबरीत, आणि या वेळी विनोदाचा लवलेश नव्हता. फॉल्क हा निवृत्त युद्धछायाचित्रकार समुद्रकाठच्या एका जुन्या बुरुजात एकटा राहतो आणि आतल्या गोल भिंतीवर एक प्रचंड युद्धचित्र रंगवतो. एक दिवस एक माणूस येतो. इवो मार्कोविच, क्रोएट. व्हुकोव्हारच्या लढाईच्या वेळी फॉल्कने त्याचा फोटो काढला होता. तो फोटो जगभर छापून आला, त्याला बक्षीस मिळालं. त्याच फोटोमुळे मार्कोविचला ओळखणाऱ्यांनी त्याला ओळखलं, आणि त्याची किंमत त्याच्या बायकोमुलाने चुकवली. तो फॉल्कला मारायला आला आहे, पण आधी त्याला बोलायचं आहे.

'तेरितोरिओ कोमांचे' आणि हे पुस्तक शेजारी ठेवून वाचावं. दोन्हींत बोरोवो नासेल्ये हे व्हुकोव्हारचं उपनगर येतं. नोव्हेंबर १९९१मध्ये व्हुकोव्हारसोबत तेही पडलं. पहिल्या पुस्तकात कॅमेरावाल्यांना पूल उडायला हवा असतो, आणि लेखक ते समजून घेतो, थोडं कौतुकानेच. दुसऱ्यात फोटोतला माणूस दारात येऊन उभा राहतो. बारा वर्षांत पूल तिथेच राहिला, कॅमेऱ्याकडे बघण्याची बाजू बदलली. पहिल्या पुस्तकात खोट्या पावतीबद्दल जे बेफिकीर हसू आहे, ते दुसऱ्यात खऱ्या फोटोबद्दल उरलेलं नाही. फोटो शंभर टक्के अस्सल होता. म्हणूनच त्याने माणूस पकडून दिला. मला त्याच्या सगळ्या पुस्तकांत हे सर्वांत मोठं वाटतं, आणि आलात्रिस्तेच्या चाहत्यांना ते सर्वांत कमी आवडतं हेही खरं.

साधार लिहायचं तर गैरसोयीचा कागदही वगळता येत नाही. २०११मध्ये माद्रिदच्या प्रांतिक न्यायालयाने 'हितानो' या चित्रपटाची पटकथा दुसऱ्या एका पटकथेवरून उचललेली असल्याचं ठरवून त्याला आणि दिग्दर्शकाला भरपाई द्यायला लावली. त्याने निकालाशी कडाडून असहमती दाखवली. निकाल मात्र आहे. अस्सल आणि नक्कल यांचा इतका बारकाईने विचार करणाऱ्याच्या खात्यावर तो असावा, हा नशिबाचा विनोद म्हणायचा.

२०१५ सालच्या 'ओम्ब्रेस बुएनोस'मध्ये त्याने पत्ते उघडे करून टाकले. अकादमीच्या ग्रंथालयात फ्रेंच 'ज्ञानकोशा'चा संच आहे. दिदरो आणि दालांबेर यांनी १७५१पासून काढलेला, मजकुराचे सतरा आणि चित्रांचे अकरा मिळून अठ्ठावीस खंड. धर्मन्यायालयाची नजर असलेल्या स्पेनमध्ये तो इथवर पोचला कसा, या कुतूहलातून त्याने कादंबरी रचली. दोन वयस्क अकादमी सदस्य, एक ग्रंथपाल आणि एक निवृत्त नौदल अधिकारी, १७८०च्या सुमारास घोडागाडीने पॅरिसला जातात आणि खंड घेऊन येतात. दोघेही काल्पनिक. पण मध्येच लेखक स्वतः पुस्तकात शिरतो आणि आपण हे कसं जुळवलं ते सांगू लागतो: कुठला जुना नकाशा मिळवला, त्या काळच्या प्रवाशांच्या मार्गदर्शिकांतून टपालगाड्यांचे मुक्काम कसे काढले, पॅरिसच्या कुठल्या रस्त्याचं नाव आता बदललंय. संशोधकाची टिपणं आणि कादंबरी एकाच पानावर, एकीच्या खाली दुसरी न दडवता.

अठ्ठावीस खंड अकादमीच्या कपाटात आहेत. ते आणायला गेलेले दोघे कधीच नव्हते. रस्ते मात्र त्याने हातात जुना नकाशा घेऊन तपासलेले आहेत.